डाव्या बाजूची कुरकुर

दि. ११ एप्रिल

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, दुकान बरं आहे, गुडघा स्वतःच्या मर्जीने वागतो. तूही बरी असशील असं धरून चालते. दोन वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे सुरुवात कुठून करावी हेच कळेना. म्हणून आधी टेबल पुसलं, मग चालू पेन शोधलं, मग सगळ्या खणांतले स्क्रू आकाराप्रमाणे लावले. आता करायला काहीच उरलं नाही, तेव्हा लिहायला बसले.

तू पाठवलेला फोन मिळाला. मिळून चाळीस दिवस झाले. पोच द्यायला एवढा उशीर का, असं विचारशील. तर फोनवर तुझ्याशी बोलायचं नाही अशी मी शपथ घेतली आहे, आणि ती शिंपीकाकांच्या देखत घेतली आहे. ते अजून समोरच बसतात. त्यांचा विसराळूपणा फक्त कपडे कधी द्यायचे एवढ्यापुरताच आहे, बाकी सगळं त्यांना तारीखवार आठवतं. तुझ्या बाबाला म्हटलं, माझ्यातर्फे तूच कळव ना तिला. तर म्हणाला, "मी तुझा भाऊ आहे, पोस्टमन नाही. तुम्ही दोघी वेड्या, एकमेकींना परस्पर कळवा." पाठचा भाऊ असावा तर असा.

असो. पुस्तकासारखा मिटणारा तुझा फोन छान आहे. पहिल्या दिवशी काउंटरवर ठेवला, उघडला, मिटला. शिंपीकाका मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून पळत आले. "बघू, बघू," म्हणाले, अंगठ्याने खट्‌कन उघडला आणि म्हणाले, "अहो, हे तर पाकीट आहे!" मी म्हटलं, पाकीट नाही, माझ्या भाचीने केलेली बिजागरी आहे. तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक माणूस येतो, उघडतो, मिटतो आणि आपलं मत देऊन जातो. लॅपटॉप दुरुस्तीला कमी आणि तुझा फोन बघायला जास्त गर्दी असते. नाही, दुकान जोरात चालू आहे. तसं काही मनात आणू नकोस.

मास्तर आठवतात ना? आत्मचरित्र लिहितात ते. अकरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, तीन वेळा बिजागरी बदलून दिली मी. आत्मचरित्र आता चौथीपर्यंत आलंय. म्हणजे मास्तर चौथीत शिकत होते तिथपर्यंत. शिकवायला लागायचे आहेत अजून. त्यांनी तुझा फोन उघडला, त्यावर दोन ओळी लिहून पाहिल्या आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "हा उद्या आमच्या लॅपटॉपला गिळणार." मी म्हटलं, मास्तर, गिळेल तेव्हा गिळेल, पण लॅपटॉप निदान मांडीवर बसायचा, फोन डोक्यावर बसतो. ते हसले. पण मग मीच विचारात पडले. लॅपटॉप वर्षागणिक बारीक होत चाललाय, फोन वर्षागणिक रुंद. एक दिवस दोघांची रस्त्यात गाठ पडेल आणि कोण कुठला हे त्यांच्या आईलासुद्धा ओळखता येणार नाही. आपण दोघी त्यावरून किती भांडलो! मी म्हणाले होते, ज्याला बिजागरी नाही ते यंत्र नव्हे, पाटी आहे, आणि तू पाट्या विकायला चालली आहेस. आता पाटीलाच बिजागरी आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुकानाच्या उजव्या अंगाला सध्या एक कव्हरवाला बसतो. फोनची कव्हरं विकतो. तात्पुरता आहे. माणूस सज्जन, पण दिवसभर शीळ घालतो, म्हणून मी हल्ली रेडिओ जरा मोठा लावते.

आता बिजागरीबद्दल. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवी वस्तू आली की आधी उघडायची, मग वापरायची. इस्त्री असो, पंखा असो, तुझं खेळण्यातलं विमान असो. तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्या टेबलाशी बसायचीस, काढलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून गालात धरून. दोन्ही गाल फुगलेले. तेव्हाच तुझी खारू झाली. त्यामुळे तुझ्या हातची पहिली बिजागरी घरात आल्यावर मी काय केलं असेल हे मी वेगळं सांगायला नको.

लोण्यासारखी चालते. आतून-बाहेरून बघितली. नाव ठेवायला जागा नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं. माझ्या हस्ताक्षरात असलं वाक्य तू पहिल्यांदाच बघत असशील, तेव्हा जपून ठेव.

तू त्या दिवशी जे बोललीस ते मी विसरून गेले आहे. तूही मी बोलले ते विसरावंस, अशी जबरदस्ती नाही.

तुझी
आत्या

ता. क. पत्राला उत्तर पत्रानेच दे. फोन केलास तर मी उचलणार नाही, आणि न उचलताना मला फार त्रास होईल.


दि. १९ एप्रिल

प्रिय आत्या,

शि. सा. न. असंच लिहायचं असतं ना? मी शेवटचं पत्र मुख्याध्यापकांना लिहिलं होतं, पोटात दुखत असल्याबद्दल.

तुझं पत्र ऑफिसात नेलं. मी काम करते त्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत. फोन बनवणाऱ्या कंपनीत प्रत्येकाने आपला फोन दाराशी खणात ठेवायचा आणि हात हलवत आत जायचं. तुझ्या पत्राची रखवालदाराने उलटसुलट तपासणी केली, त्यात काही रेकॉर्ड होत नाही याची खात्री करून घेतली आणि मग सोडलं.

आत्या, घरी वापरून बघायला मिळालेला नमुना मी तुला पाठवला, पण त्या फोनच्या आत ठेवलेल्या चिठ्ठीबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. आधी मला वाईट वाटलं. गेले चाळीस दिवस मी रोज घरी जाताना पत्रपेटी उघडून बघत होते. मग ते वाक्य आलं, "आतून-बाहेरून बघितली, नाव ठेवायला जागा नाही." मी ते सात वेळा वाचलं. तेव्हा लक्षात आलं की हेच उत्तर आहे. तू चिठ्ठीला चिठ्ठीसारखं उत्तर थोडंच देणार!

इथे चाळीस लोकांत मी एकटीच कुरकुर करत होते. साहेब म्हणायचे, मशीनवर दोन लाख वेळा उघडमिट झाली, तुला आणखी काय पाहिजे? मला सांगता येत नव्हतं. आता तू बघितलंस आणि तुला काही सापडलं नाही, म्हणजे माझाच कान खोटा. सोमवारी मी माझी हरकत मागे घेतली. तीस तारखेला दुपारी बिजागरीच्या कागदावर माझी सही होईल, मग ती कारखान्यात जाईल आणि लाखो फोनांत बसेल. साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला खुर्ची बदलून दिली.

तू आजवर कुणालाही, कशालाही चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणून तू म्हणालीस म्हणजे ते असणारच. दोन वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

तुझी
खारू


दि. २७ एप्रिल

खारू,

प्रिय वगैरे लिहायची माझी लायकी नाही, म्हणून नुसतं खारू. या पत्राबरोबर एक डबा आहे आणि दुकानाच्या छापील कागदावर लिहिलेला एक पानी अहवाल आहे. तो तुझ्या साहेबांना दाखवायचा. हे पत्र दाखवायचं नाही.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुला आलेला फोन माझाच होता, हे तुला एव्हाना पटलं असेल. पण काय घडलं ते नीट सांगते, कारण फोनवर मी नीट काहीच सांगितलं नाही.

चोवीस तारखेला तुझं पत्र आलं. "चिठ्ठी" हा शब्द वाचला आणि मी म्हटलं, कुठली चिठ्ठी? खोकं शोधलं. खोक्यातला पुठ्ठा शोधला. वायरीचं वेटोळं सोडून बघितलं. कव्हरवाल्याला विचारलं, तो म्हणाला माझी नाही. मग तुझं वाक्य पुन्हा वाचलं, "फोनच्या आत ठेवलेल्या", आणि शोधाशोध थांबवली.

खारू, मी तुझा फोन उघडलाच नव्हता.

तीस वर्षांत या घरात आलेली ती पहिली वस्तू, जिला मी स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. पहिल्या दिवशी लावायला घेतला होता. हातात होता. तेवढ्यात तुझं ते बोलणं आठवलं, जे मी विसरले आहे असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तू म्हणाली होतीस, "तुला कुठलीच गोष्ट आहे तशी आवडत नाही. आधी तिचं पोट फाडायचं, मग आत काय वाईट आहे ते ओरडून सांगायचं. माझी नोकरीसुद्धा तू उघडूनच बघितलीस." असं म्हणून तू गेलीस. म्हणून मी ठरवलं, ही एक वस्तू आहे तशी वापरायची, चार माणसं वापरतात तशी. स्क्रू ड्रायव्हर खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. किल्ली शिंपीकाकांकडे दिली. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं पथ्य आहे.

आणि तू चिठ्ठी ठेवलीस ती नेमकी तिथे, जिथे माझ्याशिवाय दुसरं कुणी बघितलंच नसतं! करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी तुझ्यावर माया करायला जावं आणि ती तुझ्याच मुळावर यावी.

किल्ली आणली, फोन उघडला. बॅटरीच्या शेजारी, बोटाच्या पेराएवढी घडी. तुझं ते मुंगीसारखं अक्षर भिंगातून वाचलं. "आत्या, तू हे उघडणारच, म्हणून इथे लिहिते. मशीनवर दोन लाख होतात. पण मला डावीकडे कुठेतरी कुरकुर ऐकू येते, इथे कुणालाच येत नाही. तुझा कान पाहिजे. एप्रिलअखेर सही आहे. बाकीचं भांडण आपण नंतर करू."

आता खरं सांगते, आणि हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय. ती कुरकुर मला पहिल्याच दिवशी ऐकू आली होती. शिंपीकाकांनी उघडला त्याच वेळी. कव्हरवाला शीळबीळ काही घालत नाही, बिचारा तोंडातून शब्द काढत नाही. रेडिओ मी मोठा केला तो मला तुझी बिजागरी ऐकू येऊ नये म्हणून. मनाला म्हटलं, नवी आहे, बसेल हळूहळू. गिऱ्हाईक मला हेच म्हणतं तेव्हा मी त्याच्यावर खेकसते.

बिजागरीचे भाग बाहेर काढले. त्यांतून सोनेरी कीस निघाला, दाण्याच्या कुटासारखा बारीक. आम्ही सगळ्यांनी मिळून सात-आठ आठवड्यांत फार तर पाच हजार वेळा उघडला असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तुमच्या कंपनीची दोन लाखांची, आणि उघडली तर पाच हजारांत भुसा. कीस एकट्या डाव्या बाजूला. उजवी बाजू नव्या नवरीसारखी. मी भिंग लावून तासभर बसले, आणि मग मला हसू आलं. कारण हा रोग माझ्या ओळखीचा निघाला.

तुमचं मशीन फोन कसं उघडतं? दोन्ही बाजूंना सारखा जोर लावून, सरळ. दोन लाख काय, दहा लाख वेळा उघडेल. पण माणूस मशीनसारखा उघडत नाही. त्याच्या एका हातात चहाचा कप असतो, नाहीतर मूल असतं, नाहीतर पिशवी. तो उजव्या हाताच्या अंगठ्याने, एका कोपऱ्यातून, तिरका उघडतो. कोपरा उचलला की पलीकडच्या टोकाला पीळ बसतो. फोन तात्पुरता जोडून मी शिंपीकाकांना, मास्तरांना, कव्हरवाल्याला आणि वाटेवरच्या आणखी एकवीस लोकांना उघडायला लावलं, हात बघितले आणि पुन्हा सुटा केला. चोवीस जणांत एकवीस जणांनी उजव्या कोपऱ्यातून उघडला. मास्तरांनी दोन्ही हातांनी उघडला, पण ते पुस्तकसुद्धा हात धुऊन उघडतात. एक बाई डावखुऱ्या निघाल्या. आणि कव्हरवाल्याने दातांनी उघडला, कारण त्याचे हात भरलेले होते.

हे तुमच्या चाळीस हुशार लोकांना का दिसलं नाही? कारण त्यांना फोन माहीत आहेत, झाकणं माहीत नाहीत. माझ्याकडे दहा लॅपटॉप येतात, त्यांतल्या आठांची एकच बिजागरी तुटलेली असते, दोन्ही नाही. लोक झाकण मधे धरून उचलत नाहीत, कोपरा धरून उचलतात. आम्ही लॅपटॉपवाल्यांनी हे तीस वर्षं भोगलं. फोनला वाटलं होतं, आपण लॅपटॉपला मागे टाकून पुढे गेलो. पुढे गेला, रुंद झाला, बिजागरी लावून घेतली, आणि आता लॅपटॉपची सगळी दुखणी वारसाहक्काने त्याच्याकडे आली. गिळायचं म्हटलं की रोगासकट गिळावं लागतं. मास्तरांना हे सांगितलं, त्यांना फार बरं वाटलं.

अहवालात उपायही लिहिला आहे. मशीनला कोपऱ्यातून उघडायला शिकवा. मग पाच हजारांतच रडेल, आणि कुठे रडते ते दिसेल. मग तिथला भाग जाड करा. हे मी सांगायला नको, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता फोनचं. तुझा फोन अडतीस तुकड्यांत टेबलावर, म्हणून कव्हरवाल्याचा घेतला. शपथ मोडायची तर साक्षीदार हजर पाहिजे, शिंपीकाका सुई दोऱ्यासकट दारात येऊन उभे. तुझा नंबर मी कुठे लिहून ठेवलेला नाही. दोन वर्षं न लावूनसुद्धा पाठ होता. तू "हॅलो, कोण?" म्हणालीस. मी म्हटलं, "सही करू नकोस." तू म्हणालीस, "कोण बोलतंय?" मी पुन्हा म्हटलं, "सही करू नकोस, डावी बाजू खराब आहे." मग तू "आत्या?" म्हणालीस, त्या गाल फुगवलेल्या आवाजात. मी पदराने नाक पुसलं. कव्हरवाल्याने फोन घेतला आणि तुला सांगितलं की, "ताई, त्या रडत नाहीयेत, त्यांना सर्दी झाली आहे." त्याला कुणी विचारलं होतं?

आणि तू लगेच ऑफिसवाली झालीस. "पण तू तर नाव ठेवायला जागा नाही म्हणून लिहिलंस! आत्या, मी मीटिंगमध्ये 'माझी आत्या म्हणते' असं सांगू का? लेखी दे. सुटे भाग दे. तीसच्या आत दे." बरोबर बोललीस, म्हणूनच हा तुकड्यांचा डबा आणि हा अहवाल. मला राग आला नाही. थोडा आला.

आणखी दोन गोष्टी सांगून टाकते. एक, कव्हरवाला तात्पुरता नाही. अर्धं दुकान त्याचं आहे, मागच्या वर्षापासून. लॅपटॉप येतात, पण पूर्वीसारखे नाही. दुसरं म्हणजे, तू नोकरीचं पत्र घेऊन आलीस त्या दिवशी मी एवढी का भडकले ते. मी एक पाटी रंगवून आणली होती, "आत्या आणि भाची, लॅपटॉप दुरुस्ती". तुला न विचारताच. तू पेढे घेऊन आलीस आणि पाटी दाराआड तशीच राहिली. फोन आणि लॅपटॉपचं भांडण ते नव्हतंच गं. कुठलंही यंत्र तुला घेऊन गेलं असतं तरी मी त्याला पाटीच म्हटलं असतं. हल्ली ती रंगवलेली पाटी उलटी करून कव्हरवाला तिच्यावर कव्हरं टांगतो. मी अडवत नाही.

कुरियरवाल्याला विचारलं. म्हणाला, चार-पाच दिवस लागतील. म्हणजे एक-दोन तारीख. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तीसच्या आत पाहिजे. म्हणाला, मग स्वतःच घेऊन जा. तो चेष्टेने म्हणाला.


दि. २९, बसमध्ये

अक्षर असं का आलंय ते कळलंच असेल. शेजारच्या सीटवर एक तरुण मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर फोन ठेवून दोन्हीकडे आळीपाळीने बघतोय. भविष्यात कोण टिकेल म्हणून विचारलं. म्हणाला, "जो चार्ज असेल तो." इतकं शहाणपणाचं उत्तर मला दोन वर्षांत कुणी दिलं नाही.

गुडघ्याने असहकार पुकारला आहे. डबा मांडीवर धरला आहे. तुझ्या बाबाला निघताना कळवलं. तो म्हणाला, "आता तूच पोस्टमन झालीस." त्याला फार आनंद झाला.


दि. ३०, सकाळी, तुमच्या कंपनीत, खाली

रखवालदाराने माझे तीनही स्क्रू ड्रायव्हर काढून घेतले. मग विचारलं, "फोन आहे का?" म्हटलं, आहे, पण अडतीस तुकड्यांत. म्हणाला, "तुकडे असले तरी खणात ठेवावा लागेल." मी म्हटलं, तो पुरावा आहे, तो वर जाणार. म्हणाला, "वर जाणार असेल तर आख्खा पाहिजे." आम्ही अर्धा तास असेच बोललो. मग वहीत लिहायला सांगितलं. भेटीचं कारण या रकान्यात चारच पर्याय होते: पुरवठादार, मुलाखत, दुरुस्ती, इतर. आत्या कशात बसते ते त्यालाही ठरवता येईना. शेवटी त्याने स्वतःच "इतर" वर खूण केली आणि पाणी आणून दिलं. माणूस चांगला आहे. पत्र आणि अहवाल वर पाठवतो म्हणाला, डबा मात्र माझ्या मांडीवरच राहील, तू खाली आल्याशिवाय.

सही दुपारी आहे. आता दहा वाजले आहेत. फोनवर मी तुला सही करू नकोस म्हणाले, ते आत्या म्हणून, सवयीने. कागदावर लिहिलं आहे ते बिजागरीवाली म्हणून, आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. पण सही तुझी आहे, तेव्हा ठरवायचं तूच. साहेब ओरडतील. नवी खुर्ची परत घेतील. कदाचित आणखीही काही घेतील. तू काहीही ठरवलंस तरी मी नाव ठेवणार नाही, आणि ठेवलंच तर तोंडावर ठेवीन, पत्रात गोड लिहून फसवणार नाही.

मला वर बोलावलंस तर तुझ्या साहेबांसमोर फोन कोपऱ्यातून कसा उघडतात ते करून दाखवीन. नको म्हणालीस तर डबा देऊन दुपारच्या बसने परत जाईन.

बिजागरी वाईट आहे, खारू. पण चाळीस माणसं एका सुरात चांगली म्हणत असताना तिची कुरकुर ऐकणारी पोरगी फार चांगली आहे. हे मी तुला पंचवीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. माझ्यासारखीच होशील म्हणून भीती वाटायची. झालीस, आणि माझ्यापेक्षा धीट झालीस, कारण मला ऐकू आलं तेव्हा मी रेडिओ लावला, आणि तू हरकत घेतलीस.

पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेली, आणि तू येईपर्यंत न उठणारी

तुझी
आत्या